क्लास नसलेल्या गावात गिटार: खान्देशातल्या नवशिक्यांसाठी

जळगाव, धुळे, भुसावळ इथं गिटार शिकवणारं कुणी ना कुणी भेटतं. पण यावल, साक्री किंवा तळोद्याकडच्या एखाद्या गावात राहत असाल, तर रोज संध्याकाळी क्लाससाठी एसटी धरणं जमत नाही. मग मोबाइलवरचे व्हिडिओ उरतात. ते भरपूर आहेत, फुकट आहेत आणि त्यातले बरेच खरोखर चांगले आहेत. तरीही बहुतेकांची गिटार दोन-तीन महिन्यांत कपाटावर जाते. कारण व्हिडिओ बोट कुठं ठेवायचं ते दाखवतो, पण तुमचा सूर उतरलाय किंवा ताल सुटलाय हे तो सांगू शकत नाही.

हे सांगणारी माणसं तुमच्या गावात आहेत. भजनी मंडळातला पेटीवाला आहे, ढोलकी वाजवणारा आहे, कानबाईच्या रात्री आणि अखजीला झोक्यावर गाणाऱ्या बाया आहेत. यांच्यापैकी कुणी गिटार हातात धरलेली नसेल, पण सूर आणि ताल त्यांच्या कानात पक्के बसलेले आहेत. या लेखातली वाट त्यांच्या मदतीनं चालायची आहे. पहिलं ध्येयही त्याला धरूनच ठेवू: घरातल्या कुणीतरी गायलेल्या गाण्याला गिटारची नीट साथ करता येणं. सोलो आणि भराभर पळणारी बोटं हा फार पुढचा विषय आहे.

गिटार घेताना

नवशिक्यानं धातूच्या तारांची साधी अकूस्टिक गिटार घ्यावी. इलेक्ट्रिक गिटारला अँप, म्हणजे आवाज मोठा करणारा स्पीकर, लागतो आणि अँपला वीज लागते. आपल्याकडे वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा भरवसा नसतो, तेव्हा अकूस्टिक बरी. नायलॉन तारांची क्लासिकल गिटार बोटांना मऊ लागते, पण तिची मान रुंद असते आणि जोरकस स्ट्रमिंगला, म्हणजे सगळ्या तारा एकदम झाडून वाजवण्याला, तिचा आवाज थोडा दबतो. लहान मुलासाठी मात्र तीच योग्य. एक गोष्ट कायम ध्यानात ठेवा: नायलॉनच्या गिटारला धातूच्या तारा कधीही चढवू नका. धातूच्या तारांचा ताण खूप जास्त असतो, त्यानं ब्रिज, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा अडकवायचा लाकडी तुकडा, उखडून येतो.

दुकानात जाताना शाळेतली मोजपट्टी खिशात ठेवा. मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, ते फ्रेट. खुंट्यांकडून मोजत बाराव्या फ्रेटपाशी सर्वात जाड तार आणि फ्रेटची धातूची पट्टी यांच्यातलं अंतर मोजा. दोन ते अडीच मिलिमीटर असेल तर उत्तम. तीनच्या पुढं असेल तर दुसरी गिटार मागा. तारा उंच असल्या की त्या दाबायला बराच जास्त जोर लागतो, आणि दुखणाऱ्या बोटांमुळे शिकणं सुटतं. माझ्या मते नवशिके गिटार सोडतात त्याचं सर्वात मोठं कारण हेच आहे, आणि त्यांना मात्र वाटत राहतं की आपल्यातच काही कमी आहे.

मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून एकेकदा वाजवा. कुठं खरखर येते का ते ऐका. शेवटी बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर बोट नुसतं टेकवून तार छेडा, घंटेसारखा एक स्वच्छ स्वर येईल. आता तीच तार तिथंच दाबून वाजवा. दोन्ही स्वर एकच असायला हवेत. फरक ऐकू आला तर ती गिटार वरच्या फ्रेटांवर कायम बेसूर राहील. हा फरक तुम्हाला कळणार नाही असं वाटत असेल तर पेटीवाल्या काकांना सोबत न्या. गिटारचं काही माहीत नसलं तरी त्यांचा कान चुकणार नाही.

लाकडाबद्दल दुकानदार सांगेल की अखंड लाकडाच्या तक्त्याची, म्हणजे पुढच्या फळीची, गिटार जास्त गोड वाजते. ते खरं आहे. पण खान्देशच्या उन्हाळ्यात ती तडकण्याची भीतीही जास्त असते. पहिली गिटार प्लायच्या तक्त्याची असली तरी काही बिघडत नाही. ती आपली हवा जास्त सोसते, आणि वाचलेल्या पैशांत कॅपो (मानेवर लावायचा चिमटा), दोन पिक (तार छेडायच्या छोट्या चकत्या) आणि तारांचा एक जादा संच येतो. तारा ‘एक्स्ट्रा लाइट’, म्हणजे पहिली तार दहाच्या मापाची, अशा मागा. पहिली तार सर्वात आधी तुटते. तालुक्याला जाणं रोज होत नसेल तर ती सुटी मिळाल्यास दोन जास्तीच्या आणून ठेवा.

सूर लावणं

तारा खालून वर मोजतात. सर्वात बारीक ती पहिली, सर्वात जाड ती सहावी. जाडीकडून बारीककडे त्यांचे स्वर असे: ई, ए, डी, जी, बी, ई. ही इंग्रजी अक्षरं कोड्यासारखी वाटत असतील तर पेटीवर शोधा. पांढरी एक म्हणजे सी. तिथून पांढरी दोन डी, पांढरी तीन ई, पांढरी चार एफ, पांढरी पाच जी, पांढरी सहा ए, पांढरी सात बी. म्हणजे गिटारच्या सहा तारा जाडीकडून पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि पुन्हा तीन.

पहिल्या वेळी मात्र मोबाइलमधलं ट्यूनर अ‍ॅप वापरा. एकदा उतरवून घेतलं की अशी बरीच अ‍ॅप नेटशिवाय चालतात. जाड तारांचा स्वर पेटीच्या मधल्या सप्तकापेक्षा बराच खाली असतो, त्यामुळे नवा कान गोंधळतो. तार नको तेवढी ताणली जाते आणि तुटते. खुंटी हळू फिरवा, तार छेडत राहा आणि सुई मध्यावर आली की थांबा. तार वर गेली असेल तर आधी थोडी खाली उतरवा आणि खालून वर येत सूर लावा. असं केलं की खुंटीतला ढिलेपणा निघून जातो आणि सूर टिकतो. नव्या तारा पहिले काही दिवस ताणत जातात, म्हणून त्या सारख्या उतरतात. गिटार खराब निघाली असं समजू नका.

दोन-तीन आठवड्यांनी अ‍ॅपशिवाय प्रयत्न करा. सहावी तार पाचव्या फ्रेटवर दाबली की मोकळ्या पाचव्या तारेचा स्वर येतो. पाचवी पाचव्या फ्रेटवर दाबली की चौथीचा, चौथी दाबली की तिसरीचा. तिसरी मात्र चौथ्या फ्रेटवर दाबायची, तेव्हा दुसरीचा स्वर मिळतो. दुसरी पुन्हा पाचव्या फ्रेटवर दाबली की पहिलीचा. दोन तारा जवळजवळ जुळल्या की आवाजात हळू हेलकावा येतो. सूर जसजसा जवळ येईल तसा तो हेलकावा मंद होतो आणि जुळला की थांबतो. पेटीवाले, तंबोरा लावणारे हेच ऐकतात. त्यांच्या शेजारी बसून एकदा ऐका, मग आयुष्यभर ऐकू येईल.

जुन्या पेटीचे सूर अ‍ॅपशी तंतोतंत जुळतीलच असं नाही. पेटीसोबत वाजवायचं असेल तेव्हा अ‍ॅप बाजूला ठेवा आणि पेटीला जुळवून घ्या. पेटी काही तुमच्यासाठी बदलता येणार नाही.

बसणं आणि बोटं

हात नसलेल्या खुर्चीवर बसा. सतरंजीवर मांडी घालून बसायची सवय असेल तर तसंही चालेल, फक्त पट्टा लावा, म्हणजे गिटारचं वजन डाव्या हातावर येणार नाही. डाव्या हातानं स्वर दाबायचे असतात, मान तोलून धरायची नसते. अंगठा मानेच्या मागं साधारण मधल्या बोटासमोर. डाव्या हाताची नखं अगदी बारीक कापलेली हवीत. डावखुऱ्यांनी आधी सरळ धरून पाहावं, अनेकांना जमतं. फारच अवघड गेलं तर डावखुरी गिटार घ्यावी.

बोट फ्रेटच्या धातूच्या पट्टीवर नको आणि दोन पट्ट्यांच्या मधोमधही नको. पट्टीच्या लगेच मागं, तिला जवळजवळ टेकून ठेवा. तिथं सर्वात कमी जोर लागतो. खरखर आली की नवशिका आणखी जोर लावतो, पण बहुतेक वेळा बोट अर्धा सेंटिमीटर पुढं सरकवलं की खरखर जाते.

बोटांची टोकं दुखणारच. शेतात काम करणाऱ्यांच्या तळहाताला घट्टे असतात, पण गिटारला लागतात ते बोटांच्या टोकावरचे, आणि ते सगळ्यांनाच नव्यानं करावे लागतात. दोन-तीन आठवडे रोज थोडं वाजवलं की कातडी घट्ट होते. आंघोळ, भांडी किंवा धुणं झाल्यावर लगेच वाजवू नका, भिजलेली कातडी तारेनं सोलते. टोकं हुळहुळली तर थांबा. मनगटात किंवा कोपरात कळ आली तर त्या दिवशी गिटार ठेवूनच द्या. बोटाचं दुखणं सवयीचं असतं, सांध्याचं नसतं.

रोज वीस मिनिटं वाजवा. रविवारी तीन तास बसून आठवडाभर हात न लावण्यापेक्षा ही वीस मिनिटं कितीतरी पुढं नेतात. कापूस वेचणीच्या किंवा रात्री पाणी भरायच्या दिवसांत तेवढाही वेळ निघत नसेल तर पाच मिनिटं तरी वाजवा. त्यासाठी गिटार डोळ्यांसमोर हवी. कपाटावर, पिशवीत, चेन लावलेली गिटार पाच मिनिटांसाठी कुणी काढत नाही.

पहिल्या कॉर्ड

कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे तीन किंवा अधिक स्वर. पहिल्या महिन्यात पाचच शिका: ई मायनर, ए मायनर, सी, जी आणि डी. याच क्रमानं. बोटांना क्रमांक देऊ: तर्जनी १, मधलं २, अनामिका ३, करंगळी ४.

ई मायनर: बोट २ पाचव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, बोट ३ चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर. सहाही तारा वाजवायच्या. सर्वात सोपी आणि सर्वात भरलेली.

ए मायनर: ती दोन्ही बोटं तशीच एकेक तार खाली सरकवा, म्हणजे बोट २ चौथ्या तारेवर आणि बोट ३ तिसऱ्या तारेवर, दोन्ही दुसऱ्या फ्रेटवर. आता बोट १ दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर. पाचव्या तारेपासून खाली वाजवा, सहावी सोडा.

सी: ए मायनर तशीच धरा. फक्त बोट ३ तिसऱ्या तारेवरून उचलून पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर न्या. झाली सी. बाकीची दोन बोटं हलवूच नका. हे एकदा लक्षात आलं की कॉर्ड बदलण्याची निम्मी भीती जाते. हीसुद्धा पाचव्या तारेपासून वाजवायची.

जी: बोट ३ सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, बोट २ पाचव्याच्या दुसऱ्यावर, बोट ४ पहिल्या तारेच्या तिसऱ्यावर. बरेच जण करंगळी टाळून १, २, ३ बोटांनी जी धरतात. सुरुवातीला ते सोपं वाटतं, पण मग सीवर जाताना बोटांची मांडणीच बदलावी लागते. करंगळीला पहिल्यापासून कामाला लावा.

डी: बोट १ तिसऱ्या तारेच्या दुसऱ्यावर, बोट २ पहिल्या तारेच्या दुसऱ्यावर, बोट ३ दुसऱ्या तारेच्या तिसऱ्यावर. फक्त खालच्या चार तारा.

प्रत्येक कॉर्ड धरली की लगेच एकत्र वाजवू नका. एकेक तार सुटी छेडा. जी तार मुकी वाटेल तिथं बहुतेकदा शेजारचं बोट तिला टेकलेलं असतं. बोट थोडं उभं करा.

आता खरं काम, म्हणजे बदलणं. जस्टिन सँडरकोच्या मोफत ऑनलाइन धड्यांत एक सराव आहे, तो मला सर्वात उपयोगी वाटतो. मोबाइलवर एक मिनिट लावा आणि दोन कॉर्डमध्ये ये-जा करा, प्रत्येक बदलाला एकदाच खाली झाडा, मोजा आणि वहीत लिहा. आधी ई मायनर आणि ए मायनर, मग ए मायनर आणि सी, मग सी आणि जी, शेवटी जी आणि डी. मिनिटात तीस बदल होऊ लागले की ती जोडी गाण्यात वापरता येते. साठ झाले की तिकडे बघायचीही गरज उरत नाही. वहीतले आकडे वाढताना दिसतात, म्हणून हा सराव कंटाळवाणा होत नाही.

एफ ही कॉर्ड लवकरच समोर येईल. तिच्यात तर्जनी आडवी टाकून सगळ्या तारा दाबाव्या लागतात. पहिले तीन महिने तिच्या वाटेला जाऊ नका. तिच्या जागी बोट ३ चौथ्या तारेच्या तिसऱ्यावर, बोट २ तिसरीच्या दुसऱ्यावर, बोट १ दुसरीच्या पहिल्यावर ठेवा आणि पहिली तार मोकळी सोडून चारच तारा वाजवा. बहुतेक गाण्यांत हे चालून जातं.

ताल ढोलकीकडून घ्या

उजव्या हातासाठी व्हिडिओंत खाली-वरच्या बाणांची चित्रं असतात. ती पाठ करण्यापेक्षा आपल्याला लहानपणापासून ठाऊक असलेला ताल हातात उतरवणं सोपं. केरवा घ्या: धा गे ना ति, न क धिं ना. आठ मात्रा. हात थांबू न देता खाली-वर, खाली-वर चालू ठेवा. विषम मात्रांना हात खाली जातो, समांना वर. तारेला प्रत्येक वेळी लागलाच पाहिजे असं नाही, पण हात थांबता कामा नये. सुरुवातीला चारही खालचे झटके वाजवा, वरचे हवेत जाऊ द्या. मग एकेक वरचा झटका भरत जा. ‘खाली, खाली-वर, वर-खाली-वर’ हा जगभर वाजणारा नमुना यातूनच आपोआप निघतो. त्यात फक्त दुसरी आणि पाचवी मात्रा मुकी असते.

झोक्याची आणि हळदीची बरीच गाणी सहाच्या चालीत, दादऱ्याच्या अंगानं चालतात: धा धिं ना, धा तिं ना. तिथं ‘खाली-वर-खाली, खाली-वर-खाली’ वाजवा. पहिल्या आणि चौथ्या मात्रेला जोर द्या. दोन्ही जोर खाली जाणाऱ्या हातावर येतात, म्हणून तोल सुटत नाही.

मेट्रोनोमचं, म्हणजे ठरलेल्या गतीनं ठोके देणारं अ‍ॅप मिनिटाला साठच्या गतीवर लावून सराव करा, ते आवश्यक आहे. पण आठवड्यातून एकदा तरी ढोलकीवाल्यासोबत बसा. मेट्रोनोमला तुम्ही चुकलात हे कळत नाही. ढोलकीवाला हात थांबवतो आणि म्हणतो, “ताल चुकना रे भो.” कॉर्ड बदलायला वेळ लागला तरी उजवा हात चालू ठेवायचा, मोकळ्या तारा वाजल्या तरी चालतील, हे अशा बैठकीतच अंगी मुरतं. ऐकणाऱ्याला एखादी चुकलेली कॉर्ड खपते, थांबलेला ताल खपत नाही.

गाण्याची पट्टी आणि कॅपो

हा भाग सावकाश वाचा, कारण गावात साथ करताना पहिला अडथळा इथंच येतो. तुम्ही घरी सीमध्ये तयारी करता आणि गाणारा म्हणतो, “मी काळी एकमध्ये गातो.” तेव्हा गडबडू नका. पुरुषांचा आवाज साधारण काळी एक, काळी दोनच्या आसपास, बायकांचा काळी चार, काळी पाचच्या आसपास असतो. या पट्ट्या मोकळ्या गिटारवर सोप्या कॉर्डनी मिळत नाहीत. त्यासाठी कॅपो हा चिमटा असतो. तो ज्या फ्रेटवर लावाल तेवढे अर्धस्वर सगळी गिटार वर जाते, आणि तुमच्या कॉर्डचे आकार तेच राहतात.

सीच्या आकारांनी वाजवताना: कॅपो नसेल तर पांढरी एक, पहिल्या फ्रेटवर कॅपो तर काळी एक, दुसऱ्यावर पांढरी दोन, तिसऱ्यावर काळी दोन. जीच्या आकारांनी: कॅपो नसेल तर पांढरी पाच, पहिल्यावर काळी चार, दुसऱ्यावर पांढरी सहा, तिसऱ्यावर काळी पाच. एवढं एका कागदावर लिहून गिटारच्या पिशवीत ठेवा. गावातल्या बहुतेक गळ्यांची सोय यात होते. कॅपोही बोटासारखाच फ्रेटच्या अगदी मागं लावायचा, आणि लावल्यावर सूर पुन्हा तपासायचा.

आता गाण्याला कॉर्ड लावणं. आपल्या लोकगीतांच्या कॉर्ड सहसा कुठं लिहिलेल्या सापडत नाहीत. अखजीच्या गौराईच्या गाण्यांना, कानबाईच्या गाण्यांना त्या तुम्हालाच शोधाव्या लागतात. अनेक चाली चार-पाच स्वरांतच फिरतात, त्यामुळे हे वाटतं तितकं अवघड नाही. गाणं कुठं येऊन विसावतं ते ऐका, तो सा. समजा सा म्हणजे जी. मग जी कॉर्डमध्ये सा, ग, प आहेत. सी कॉर्डमध्ये म, ध, सा आहेत. डीमध्ये प, नी, रे आहेत. ओळ ज्या स्वरावर थांबते तो स्वर ज्या कॉर्डमध्ये आहे ती वाजवा. रेवर थांबली तर डी, म किंवा धवर थांबली तर सी, गवर थांबली तर जी. सा आणि प दोन-दोन कॉर्डमध्ये आहेत, तिथं दोन्ही वाजवून पाहा आणि गाणाऱ्याला विचारा की कुठली बरी वाटते. उत्तर लगेच मिळतं. चुकीची कॉर्ड लागली की गाणाऱ्याचा आवाज आपोआप अडखळतो.

ग कोमल लागत असेल, चाल करुण वाटत असेल, तर ए मायनरला सा माना. तिच्यात सा, कोमल ग आणि प आहेत. जीमध्ये कोमल नी, रे, म मिळतात, ई मायनरमध्ये प, कोमल नी, रे. या तीन कॉर्डवर बरंच निभतं.

आणि काही गाण्यांना कॉर्ड लावूच नका. जात्यावरच्या ओव्या, काही विरहाची गाणी तीन स्वरांत, संथ, मोकळ्या लयीत चालतात. त्यांच्यामागं सी-जी-डी वाजवलं की चाल चौकटीत कोंबल्यासारखी होते. तिथं मोकळी पाचवी तार आणि दुसऱ्या फ्रेटवर दाबलेली चौथी तार, एवढ्या दोनच तारा अंगठ्यानं हळू वाजवत राहा. सा आणि प मिळतात, तंबोऱ्याचं काम होतं. हा साधेपणा जपला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. आपल्या गाण्यांना गिटार हवी, पण ती गाण्याच्या मागं हवी.

उन्हाळा आणि पावसाळा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि हवा पार कोरडी होते. गिटारच्या लाकडाला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. कोरड्या हवेत लाकूड आकसतं. मग फ्रेटची टोकं मानेच्या कडेला बोटाला टोचायला लागतात, तक्ता खाली बसतो आणि तारा खरखरतात. पत्र्याच्या खोलीत, भिंतीवर ऊन येणाऱ्या बाजूला गिटार टांगू नका. बंद गाडीत तर अर्धा तासही नको, डिंक सैल होऊन ब्रिज उचलला जातो. कूलरच्या झोतासमोरही नको. दिवसा ओली हवा आणि वीज गेली की कोरडी, हा फेरफार लाकडाला जास्त छळतो.

घरातली सर्वात थंड, आतली खोली निवडा. या दिवसांत गिटार पिशवीत ठेवा, पण पिशवी डोळ्यांसमोर असू द्या. साबणाच्या प्लास्टिकच्या डबीला भोकं पाडून त्यात घट्ट पिळलेला ओला स्पंज ठेवा आणि ती डबी पिशवीत, लाकडाला न टेकता ठेवा. दोन-तीन दिवसांनी स्पंज पुन्हा ओला करा. पावसाळ्यात उलट होतं, लाकूड फुगतं, तारा उंच होतात आणि गंजतात. तेव्हा डबी काढून टाका. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या सुती फडक्यानं पुसणं मात्र बारा महिने करायचं. काळ्या पडलेल्या, खडबडीत लागणाऱ्या तारा बदलून टाका. मानेच्या आतल्या सळईचा नट स्वतः फिरवू नका, ते जाणकाराकडूनच करून घ्या.

चारचौघांत

दोन गाणी पूर्ण, न थांबता वाजवता आली की घराबाहेर पडा. पूर्ण तयारी होईपर्यंत थांबलात तर ती वेळ येत नाही. श्रावणात कानबाई बसते तेव्हा रात्रभर गाणी चालतात, तिथं एखाद्या गाण्याला साथ करण्याची परवानगी घरातल्या मोठ्यांना विचारा. किंवा भजनाच्या बैठकीला जा. आधी पेटीवाल्यांना विचारा, “काका, पट्टी कुठली?” कॅपो लावा, त्यांच्या सा ला सूर जुळवा आणि मागच्या ओळीत बसा. पहिलं कडवं नुसतं ऐका, दुसऱ्याला फक्त समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, एकेक झटका द्या आणि हात बसला की ताल धरा. गिटारचा आवाज पेटीपेक्षा मोठा येत असेल तर पिक ठेवून अंगठ्यानं वाजवा. गाणं अनोळखी असेल तर सा-प धरून बसा. गाणं संपल्यावर काकांना विचारा, कुठं खटकलं. ते जे सांगतील ते वहीत लिहा आणि दुसऱ्या दिवसाची वीस मिनिटं त्याच जागेवर घालवा.